फेलओव्हर झाला, फायली दिसतात, पण लॉक परत मिळत नाही: एनएफएस क्लस्टरमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

मांडणी ओळखीचीच आहे: एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली देण्याच्या पद्धतीने) फाइली पुरवणारे दोन लिनक्स नोड (सर्व्हर), मधे एक शेअर्ड डिस्क, वर पेसमेकर (कोणत्या नोडवर काय चालवायचं ते सांभाळणारा प्रोग्राम), आणि क्लायंटना (फाइली वापरणाऱ्या मशीनना) दिसणारा एक व्हर्च्युअल आयपी (चालू नोडबरोबर सरकणारा पत्ता). एक नोड पडतो, दुसरा डिस्क आणि आयपी उचलतो (हाच फेलओव्हर), मॉनिटरिंगवर सगळं हिरवं दिसतं. तरी फोन येतोच, "सर्व्हर हँग झालाय." अशा दुरुस्त्या करत आल्यावर माझा एक क्रम ठरून गेला आहे, तो इथे देतो. कमांड आणि फोल्डरची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

आधी लक्षणं नीट बघा

"हँग झालाय" या एका वाक्यात निरनिराळे आजार लपलेले असतात. तुमच्याकडे यातलं कोणतं आहे?

- फेलओव्हरनंतर मिनिट-दीड मिनिट सगळं गप्प, मग आपोआप सुरळीत.
- फाइल उघडते, वाचता येते, पण लॉक (फाइलवर एका वेळी एकानेच लिहावं म्हणून घेतलेला ताबा) मागणारा प्रोग्राम लटकतो. क्लायंटच्या लॉगमध्ये "लॉकडी: सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग" अशी ओळ पुन्हा पुन्हा येते.
- प्रोग्रामला एकदम इनपुट-आउटपुट एरर मिळतो आणि क्लायंटच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "लॉक रिक्लेम फेल्ड" दिसतं.
- कुणाचीच तक्रार नाही, पण दोन सर्व्हर एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहीत आहेत. हा सगळ्यांत वाईट प्रकार. चार दिवसांनी ताळेबंद जुळत नाही किंवा मेलचा इंडेक्स फाटलेला निघतो, तेव्हा तो कळतो.
- "स्टेल फाइल हँडल". हा लॉकचा आजारच नाही. दोन्ही नोडांवर एक्स्पोर्टचा (क्लायंटना खुल्या केलेल्या फोल्डरचा) एफएसआयडी (ओळख-क्रमांक) वेगवेगळा पडला की हे होतं. एक्स्पोर्टच्या ओळीत दोन्हीकडे तोच एफएसआयडी लिहा आणि हा विषय इथेच संपवा.
- फेलओव्हर पूर्णच होत नाही. जुन्या नोडवर डिस्क अनमाउंट करताना "टार्गेट इज बिझी" येतं.

लॉक नेमकं कुणाच्या लक्षात असतं

हे एकदा समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ लागतो. लॉक शेअर्ड डिस्कवर लिहिलेलं नसतं. ते सर्व्हरच्या मेमरीत असतं, म्हणून नोड पडला की गेलंच. नवा नोड ते कुठून "वाचून" काढत नाही. आपल्याकडे कोणतं लॉक होतं हे क्लायंटला आठवत असतं, आणि तो ते नव्या नोडकडे परत मागतो. यालाच रिक्लेम म्हणतात. सर्व्हर डिस्कवर फक्त एक छोटी यादी ठेवतो: कोणकोणत्या क्लायंटकडे काहीतरी धरलेलं होतं.

वाटेत एसटी बंद पडली आणि मागून दुसरी गाडी आली, तर कंडक्टर आधी जुन्या गाडीच्या तिकीटवाल्यांना चढवतो आणि नव्या प्रवाशांना थांबायला सांगतो. ग्रेस पीरियड म्हणजे तेवढा वेळ. त्या काळात नवं लॉक कुणालाच मिळत नाही, जुनं मात्र परत मागता येतं.

त्यामुळे बिघाडाला तीनच जागा उरतात. यादी नव्या नोडपर्यंत पोचली नाही, किंवा सर्व्हर बदलल्याचं क्लायंटला कळलं नाही (कळलं तरी ओळख पटली नाही), किंवा मागायला गेला तोवर वेळ संपली. यादी, ओळख, वेळ. पुढची जवळजवळ प्रत्येक तपासणी या तिघांपैकी एकीची आहे.

१. घड्याळ बघा आणि काहीही करू नका

सगळ्यांत स्वस्त उपाय. लिनक्सच्या कर्नल एनएफएस सर्व्हरवर एनएफएसच्या व्ही४ आवृत्तीची लीज (क्लायंटने हजेरी लावायची मुदत) आणि ग्रेस दोन्ही मुळात ९० सेकंदांचे असतात. व्ही३ चा लॉकडी (लॉक सांभाळणारी सेवा) स्वतःपुरता ५० सेकंद थांबतो, पण त्याच नोडवर व्ही४ चा ग्रेस चालू असेल तर त्याचंही नवं लॉक तो संपेपर्यंत अडतं. फेलओव्हरला लागलेली २०-३० सेकंदं त्यात मिळवा, म्हणजे दोन मिनिटांपर्यंतची शांतता हा बिघाडच नव्हे.

व्ही४ मध्ये फाइल उघडणं हीसुद्धा सर्व्हरने लक्षात ठेवायची गोष्ट आहे. म्हणून ग्रेसमध्ये नुसती फाइल उघडणंही थांबतं. व्ही३ वर मात्र वाचन चालू राहतं, फक्त लॉक अडतं. हा फरक माहीत नसला की "व्ही४ वर गेल्यापासून फेलओव्हर हळू झालाय" अशी तक्रार येते.

इथे एक मोह आवरा. प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरखालच्या एनएफएसडी (म्हणजे कर्नलमधला एनएफएस सर्व्हर) फोल्डरमध्ये "व्ही४-एंड-ग्रेस" नावाची फाइल आहे. तिच्यात वाय लिहिलं की ग्रेस ताबडतोब संपतो. साहेब डोक्यावर उभे असताना हात तिकडे जातोच. पण ज्यांनी अजून लॉक परत मागितलेलं नाही त्यांचं लॉक तुम्ही त्या क्षणी दुसऱ्याला देऊन टाकता. व्ही४.१ मध्ये सगळे क्लायंट "माझं मागून झालं" असं कळवतात आणि नव्यातले लिनक्स सर्व्हर तेवढ्यावर ग्रेस लवकर संपवतात. घाई असेल तर रस्ता तो आहे.

२. क्लायंटने माउंट कसं केलंय

सर्व्हरला हात लावण्याआधी अडकलेल्या क्लायंटवर "एनएफएसस्टॅट -एम" चालवा. त्यात बघायचं ते असं.

माउंट व्हर्च्युअल आयपीवर आहे, की कुणी नोडचाच आयपी टाकलाय? हसू नका, हे नेहमी सापडतं. क्लस्टर उभं राहायच्या आधीपासूनच्या एखाद्या जुन्या मशीनच्या एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) पहिल्या सर्व्हरचा पत्ता तसाच राहून गेलेला असतो.

आवृत्ती कोणती? पुढची अर्धी तपासणी यावर ठरते. व्ही३ मध्ये लॉकसाठी एनएलएम आणि खबर देण्यासाठी एनएसएम असे दोन वेगळे प्रोटोकॉल आहेत. व्ही४ मध्ये सगळं एकाच २०४९ पोर्टवरून चालतं.

"नोलॉक" किंवा "लोकल-लॉक" लिहिलंय का? असेल तर लॉक सर्व्हरपर्यंत कधी जातच नव्हतं. त्या क्लायंटपुरता फेलओव्हर एकदम गुळगुळीत होतो, कारण परत मागायला काही नसतंच, आणि दोन मशीन एकाच फाइलवर बसण्याची सोय बाराही महिने केलेली असते. लटकणारा प्रोग्राम "सोडवायला" कुणीतरी हा पर्याय टाकतो आणि निघून जातो.

"सॉफ्ट" असेल तर वेळ संपल्यावर क्लायंट प्रोग्रामला एरर देऊन मोकळा होतो. जिथे लिहिलं जातं तिथे "हार्ड"च हवं.

३. नव्या नोडच्या लॉगमधली एक ओळ

आता सर्व्हरकडे या. नव्या नोडवर कर्नलच्या लॉगमध्ये फेलओव्हरच्या वेळेच्या आसपास एनएफएसडी शोधा. "स्टार्टिंग ९०-सेकंद ग्रेस पीरियड" दिसलं तर ठीक. पण "नो क्लायंट्स टू रिक्लेम, स्किपिंग एनएफएसव्ही४ ग्रेस पीरियड" अशी ओळ दिसली, आणि फेलओव्हरच्या क्षणी व्ही४ चे क्लायंट काम करत होते हे तुम्हाला माहीत आहे, तर निदान झालं. यादी कोरी आहे. नव्या नोडला वाटलं की आपण पहिल्यांदाच सुरू होतोय, म्हणून त्याने पहिल्या मिनिटापासून मागेल त्याला लॉक वाटायला घेतलं. दुहेरी लॉकचा प्रकार इथूनच जन्मतो. या ओळीला लाल रंग नसतो, एररही म्हणत नाहीत तिला, म्हणून ती नजरेतून सुटते.

ग्रेसची कोणतीच ओळ नसेल तर एनएफएस सेवा त्या नोडवर आधीपासून चालू होती का ते बघा. काही ठिकाणी दोन्ही नोड कामाला लावलेले असतात, एक शेअर इकडे, एक तिकडे. अशा वेळी पडलेल्या नोडचा शेअर दुसऱ्यावर येतो तेव्हा नुसती एक्स्पोर्टची भर पडते. कर्नल सर्व्हर त्यासाठी नवा ग्रेस सुरू करत नाही, कारण ग्रेस शेअरनिहाय नसतो, पूर्ण सर्व्हरचा असतो. माझं स्पष्ट मत असं की कर्नल एनएफएसडीवर ही दुहेरी मांडणी लॉकसाठी वापरूच नये. एका वेळी एकाच नोडवर एनएफएस ठेवा. दोन्ही नोड राबवायचेच असतील तर त्यासाठी बेतलेलं काहीतरी घ्या, उदाहरणार्थ एनएफएस-गनेशा, ज्यात क्लस्टरभर ग्रेस लावण्याची सोय आहे.

४. यादी शेअर्ड डिस्कवर आहे का

सगळी माहिती व्हार-लिब-एनएफएस या फोल्डरखाली असते. व्ही३ साठी त्यात एसएम नावाचा उपफोल्डर (रेड हॅट घराण्यात तो स्टॅटडी फोल्डरच्या आत, डेबियनमध्ये थेट), आणि त्यात नजर ठेवलेल्या प्रत्येक क्लायंटच्या नावाची एकेक फाइल. व्ही४ साठी जुन्या पद्धतीत व्ही४रिकव्हरी नावाचा फोल्डर, नव्यात एनएफएसडीसीएलडी या सेवेची एक एसक्यूलाइट फाइल.

हा सगळा फोल्डर प्रत्येक नोडच्या स्वतःच्या डिस्कवर असेल तर फेलओव्हरनंतर यादी पडलेल्या नोडवरच राहते. पेसमेकरच्या एनएफएससर्व्हर रिसोर्सला (रिसोर्स म्हणजे पेसमेकर सुरू-बंद करतो तो घटक) "एनएफएस-शेअर्ड-इन्फोडिर" हा पर्याय त्यासाठीच आहे. तो शेअर्ड डिस्कवरचा फोल्डर व्हार-लिब-एनएफएसच्या जागी जोडतो. तो दिलाय का, आणि फेलओव्हरनंतर खरंच जोडला जातो का, हे "फाइंडमाउंट"ने बघा. कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

दोन बारकावे सांगतो, कारण फोल्डर बरोबर जागी असूनही घोळ यांच्यामुळेच राहतो.

पहिला, मालकी. स्टॅटडी ही रीबूटच्या खबरीची (एनएसएमची) सेवा रूट म्हणून चालत नाही; आपल्या फोल्डरचा मालक ज्या यूआयडीचा (यूजरच्या क्रमांकाचा) असेल त्या यूआयडीने ती चालते. फोल्डर शेअर्ड डिस्कवर कॉपी करताना मालकी रूटची झाली, किंवा दोन नोडांवर त्या यूजरचा यूआयडी वेगळा पडला, तर परवानग्यांचा गोंधळ होतो. "एलएस -एलएन" करून आकडेच ताडून बघा, नावांवर जाऊ नका. नाव दोन्हीकडे तेच दिसतं आणि आकडा वेगळा असतो.

दुसरा, उघडी राहिलेली फाइल. एनएफएसडीसीएलडी बूटच्या वेळीच सुरू झाली आणि शेअर्ड फोल्डर नंतर जोडला गेला, तर ती जुन्या, स्थानिक फाइललाच धरून बसते. वरून बघावं तर फोल्डर बरोबर, आत लिहिलं जातंय भलतीकडेच. प्रॉकखाली त्या प्रोसेसचा एफडी फोल्डर उघडला की कोणती फाइल धरली आहे ते कळतं. सेवा बूटला आपोआप सुरू होणं बंद करा आणि क्लस्टरकडूनच, डिस्क जोडल्यानंतर, सुरू होऊ द्या.

५. ओळख पटते का

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

व्ही३ मध्ये सर्व्हर पुन्हा उभा राहिला की एसएम-नोटिफाय ही कमांड यादीतल्या प्रत्येक क्लायंटला निरोप पाठवते: "मी अमुक, मी रीबूट झालो." क्लायंट ते नाव आपल्याकडच्या नावाशी ताडतो आणि जुळलं तरच लॉक परत मागतो. आता क्लायंटने माउंट केलंय व्हर्च्युअल नावाने, आणि निरोप आला नोडच्या स्वतःच्या नावाने. क्लायंट म्हणतो, या नावाच्या कुणाशी माझा व्यवहार नाही. निरोप पोचला, पण कामाला आला नाही.

उपाय दोन पर्यायांत आहे. "-व्ही" देऊन व्हर्च्युअल पत्ता सांगायचा, म्हणजे निरोप त्या पत्त्यावरून आणि त्या नावाने जातो. आणि "-एफ" देऊन जबरदस्ती पाठवायचा. हा दुसरा का लागतो? एसएम-नोटिफाय एका बूटमध्ये एकदाच काम करते. आपण आधी चाललो होतो याची खूण ती रन फोल्डरमधल्या पीआयडी फाइलने ठेवते. फेलओव्हरमध्ये नवा नोड रीबूट झालेला नसतो, तो आठवडाभर चालूच असतो. म्हणून साधी कमांड काही न बोलता परत येते आणि आपण समजतो निरोप गेले. पेसमेकरचा एनएफएसनोटिफाय रिसोर्स हे काम नीट करतो, फक्त तो व्हर्च्युअल आयपीच्या नंतर सुरू व्हायला हवा. डीएनएसमध्ये व्हर्च्युअल नावाची सुलट आणि उलट अशी दोन्ही नोंद असू द्या. उलट नोंद नोडच्या नावावर जात असेल तर सगळं बरोबर करूनही ताळमेळ बसत नाही.

व्ही४.१ मध्ये निरोप नाही, पण ओळखीचा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. सर्व्हर क्लायंटला आपला "स्कोप" सांगतो, आणि लिनक्स सर्व्हर तिथे मुळात होस्टनेमच देतो. दोन नोडांची होस्टनेम वेगळी, म्हणून स्कोप वेगळा. क्लायंट बघतो की हा तर दुसराच सर्व्हर, इथे माझं जुनं लॉक कसं असेल? तो रिक्लेम मागतच नाही. ग्रेस पाळला जातो, यादी बरोबर असते, आणि तरी प्रोग्रामला इनपुट-आउटपुट एरर मिळतो. आरपीसी-एनएफएसडीला "--स्कोप" हा पर्याय त्यासाठीच आहे. एनएफएस-डॉट-कॉन्फमध्येही लिहिता येतो. दोन्ही नोडांवर एकच नाव द्या. तुमचं एनएफएस-यूटिल्स जुनं असेल तर हा पर्याय नसेल. तेव्हा अपडेटच करायचं, आडवाट शोधत बसू नका.

आणि क्लायंटची स्वतःची ओळख. एकाच टेम्प्लेटमधून दहा व्हीएम काढल्या आणि सगळ्यांचं होस्टनेम "लोकलहोस्ट" राहिलं, तर व्ही४ साठी ते सगळे एकच क्लायंट ठरतात. एक व्हीएम उठली की सर्व्हरला वाटतं जुनाच क्लायंट रीबूट होऊन आलाय, आणि दुसरीची लॉकं तो सोडून देतो. हे फेलओव्हरविनाही होतं, पण फेलओव्हरनंतर सगळ्या एकदम धावून येतात तेव्हा जास्त उघडं पडतं. होस्टनेम वेगळी करा किंवा एनएफएस मॉड्यूलला "एनएफएस४-युनिक-आयडी" द्या. सर्व्हरचा कर्नल ५.३ किंवा नंतरचा असेल तर प्रॉकखालच्या एनएफएसडीच्या "क्लायंट्स" फोल्डरमध्ये प्रत्येकाची इन्फो फाइल उघडून नावं वाचता येतात. मशीन दहा आणि फोल्डर तीन दिसले की समजा.

६. पोर्ट

फक्त व्ही३ वाल्यांसाठी. बाकीच्यांनी पुढे जावं. लॉकडी आणि स्टॅटडी मोकळं सोडलं तर दर वेळी नवा पोर्ट घेतात. एका नोडवर फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलेले, दुसऱ्यावर नाहीत, म्हणून एका दिशेचा फेलओव्हर चालतो आणि उलट दिशेचा नाही. दोन्ही नोडांवर पोर्ट पक्के करा, तेच आकडे ठेवा. आणि विसरला जाणारा भाग: निरोप सर्व्हरकडून क्लायंटकडे जातो, म्हणजे क्लायंटच्या फायरवॉललाही तो आत घ्यावा लागतो. "आरपीसीइन्फो -पी" क्लायंटच्या पत्त्यावर चालवून १०००२१ आणि १०००२४ हे दोन प्रोग्राम दिसतात का बघा.

७. क्रम आणि वेळ

रिसोर्सचा क्रम असा हवा: डिस्क, मग एनएफएस सेवा, मग एक्स्पोर्ट, मग व्हर्च्युअल आयपी, शेवटी निरोप. आयपी आधी आला तर क्लायंट अर्धवट सर्व्हरवर येऊन आदळतात आणि "स्टेल" घेऊन जातात.

या क्रमाची एक किंमत आहे. ग्रेसचं घड्याळ एनएफएस सेवा सुरू झाली तेव्हाच चालू होतं, क्लायंटला दार दिसतं आयपी आल्यावर. मधे चाळीस एक्स्पोर्ट एकेक करून सुरू होत असतील तर तेवढी सेकंदं ग्रेसमधूनच गेली. वर स्विचने नवा एआरपी (आयपी आता कोणत्या मशीनवर आहे ती नोंद) उशिरा मानला तर आणखी गेली. पेसमेकरच्या लॉगमधून एनएफएस सुरू झाल्याची आणि आयपी आल्याची वेळ काढून वजाबाकी करा.

आता लीजबद्दल. फेलओव्हर लवकर व्हावा म्हणून लोक ग्रेस १५ सेकंदांवर आणतात आणि लीज ९० च ठेवतात. लिनक्सचा निवांत बसलेला क्लायंट साधारण दोन-तृतीयांश लीज उलटल्यावर सर्व्हरकडे हजेरी लावतो, म्हणजे ९० च्या लीजला ६० सेकंदांनी. सर्व्हर बदललाय हे त्याला तेव्हा कळतं, आणि १५ सेकंदांचा ग्रेस केव्हाच संपलेला असतो. कमी करायचं तर दोन्ही करा, ग्रेस लीजपेक्षा कमी ठेवू नका, आणि दोन्ही नोडांवर आकडे सारखे ठेवा. लीज बदलल्यावर जुने क्लायंट जुन्याच हिशोबाने चाललेले असतात, म्हणून आधी लीज कमी करून एक नियोजित रीस्टार्ट होऊ द्या, ग्रेसला हात नंतर.

८. जुना नोड डिस्क सोडत नाही

नियोजित फेलओव्हरमध्ये हे दिसतं. अनमाउंट "बिझी" म्हणतं, "फ्यूझर" चालवावं तर यादी कोरी. कारण फाइल कुण्या प्रोसेसने नाही, कर्नलमधल्या लॉकडीने किंवा एनएफएसडीने धरलेली असते. प्रॉकखालच्या एनएफएसडीमध्ये "अनलॉक-आयपी" आणि "अनलॉक-फाइलसिस्टम" अशा दोन फाइल आहेत. पहिलीत व्हर्च्युअल पत्ता किंवा दुसरीत माउंटचा रस्ता लिहिला की व्ही३ ची लॉकं सुटतात. पेसमेकरच्या एक्स्पोर्टएफएस रिसोर्सचा "अनलॉक-ऑन-स्टॉप" हेच करतो. हे करण्याआधी व्हर्च्युअल आयपी खाली आलेला असलाच पाहिजे. नाहीतर लॉक सुटल्याक्षणी दुसरा क्लायंट त्याच नोडवर येऊन ते घेऊन जाईल.

आणि थोड्याच वेळात सेवा परत पहिल्या नोडवर आणली, की काही क्लायंट मिनिटंच्या मिनिटं अडकतात. तिथे टीसीपीचं जुनं कनेक्शन अर्धवट जिवंत राहिलेलं असतं. पोर्टब्लॉक रिसोर्स आणि त्याचा "टिकल" याच कामासाठी आहे. त्याहून सोपं म्हणजे परत आणायची घाईच करू नये. सेवा दुसऱ्या नोडवर सुखात चालते.

खात्री कशी करायची

दुरुस्ती केली म्हणजे संपलं असं नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तिथले फेलओव्हर मी गुरुवारीच घेतो. तुमच्याकडचा शांत वार बघा.

एका क्लायंटवर शेअरवरची एक फाइल "एफलॉक"ने धरा आणि त्यात "स्लीप १२००" चालवून ठेवा. दुसऱ्या क्लायंटवरून तीच फाइल "एफलॉक -एन"ने मागा. लगेच नकार यायला हवा. आता चालू नोडची वीज काढा, नुसती सेवा थांबवू नका. ग्रेस चालू असेपर्यंत दुसऱ्या क्लायंटची मागणी थांबून राहील. ग्रेस संपल्यावर पुन्हा नकारच आला पाहिजे. "मिळालं" असं उत्तर आलं तर दुहेरी लॉक अजून आहे, मागे जा. पहिला क्लायंट नुसता झोपलेला असणं मुद्दाम आहे: जो सतत लिहितोय त्याला सर्व्हर बदलल्याचं कळतंच, कसोटी लागते ती निवांत बसलेल्याची. हे दोन्ही दिशांनी करा, आणि वापरात व्ही३ व व्ही४ दोन्ही असतील तर दोन्हीवर.

तरीही उलगडा झाला नाही तर एकदा पॅकेट पकडा. व्हर्च्युअल आयपीवरची सगळी रहदारी फेलओव्हरच्या आधीपासून ग्रेस संपेपर्यंत. व्ही४ मध्ये एरर १००१३ म्हणजे ग्रेस चालू आहे, थांब. १००३३ म्हणजे रिक्लेम मागितलंस पण मुदत नाही, म्हणजे वेळेचा किंवा यादीचा प्रश्न. रिक्लेमची मागणीच दिसत नसेल तर ओळखीचा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फेन्सिंग (बिघडलेला नोड सक्तीने बंद करण्याची सोय) बंद आहे असं आढळलं, म्हणजे पेसमेकरमध्ये "स्टोनिथ-एनेबल्ड" फॉल्स आहे किंवा फेन्सिंगची कमांड नापास होतेय, तर लॉकचा विचार सोडा. पडलेला नोड खरंच मेलाय याची खात्री नसताना दुसऱ्याने डिस्क उचलणं हाच मूळ धोका आहे. एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ दोन नोडांवर एकदम माउंट झाली असण्याची शंका जरी आली तरी दोन्ही नोडांवर एनएफएस थांबवा आणि फाइलसिस्टम जाणणाऱ्या माणसाला बोलवा. स्वतः एफएससीके किंवा एक्सएफएस-रिपेअर चालवू नका. आधी डिस्कची प्रत, मग दुरुस्ती.

शेअरवर डेटाबेसच्या फाइली आहेत आणि लॉगमध्ये "लॉक रिक्लेम फेल्ड" आलंय, तर डेटाबेसवाल्याला त्याच दिवशी सांगा. त्या ओळीचा अर्थ मधल्या काळात दुसऱ्या कुणी लिहिलं असू शकतं असा आहे. लिहिलं का, ते सर्व्हरवरून सांगता येत नाही. याच कारणाने लिनक्स क्लायंट गेलेलं लॉक गुपचूप नव्याने घेत नाही, एरर देतो. त्याला तसं करायला लावणारा "रिकव्हर-लॉस्ट-लॉक्स" पर्याय एररपासून सुटका म्हणून चालू करू नका.

आणि स्टोरेज तयार, डबाबंद असेल, तर दुसऱ्या तपासणीच्या पुढे जाऊच नका. आतलं व्हार-लिब-एनएफएस तुमच्या हातात नाही, आणि कंपनीच्या सपोर्टशिवाय आत शिरलात तर करार तुमच्या अंगावर येतो.

सपोर्टला फोन करण्याआधी एवढं बाजूला काढा: दोन्ही नोडांचे कर्नल आणि पेसमेकरचे लॉग, अडकलेल्या एका आणि न अडकलेल्या एका क्लायंटचं "एनएफएसस्टॅट -एम", व्हार-लिब-एनएफएसची मालकीसकट प्रत, आणि असेल तर पॅकेटची फाइल. सगळ्या मशीनची घड्याळं क्रोनीने जुळलेली आहेत ना ते बघा; नसतील तर किती सेकंदांचा फरक आहे ते वर लिहून द्या, कारण समोरचा माणूस पहिली वजाबाकी तीच करणार आहे.